जेवणानंतरची पंधरा मिनिटं : नाशिकमधल्या मधुमेहींच्या हालचालीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

उद्देश असा: कॉलेज रोड, कृषीनगर, त्र्यंबक रोड आणि सातपूर कॉलनी या पट्ट्यात राहणाऱ्या टाइप २ मधुमेहाच्या माणसांना दर मोठ्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालता यावं. त्यासाठी लागणार ते मार्ग, एक कार्ड, खिशातली एक पुडी आणि पावसाळ्यातला पर्याय. पहाटेची लांब रपेट या कामात धरलेली नाही. ज्यांना ती जमते ते गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर आधीपासूनच जातात. आमचा डोळा आहे रात्री साडेनऊला जेवून टीव्हीसमोर बसणाऱ्या आणि तिथूनच झोपायला जाणाऱ्या मंडळींवर.

वेळ जेवणाला का बांधायची? जेवायला बसल्यापासून साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर असते. स्नायू काम करत असले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनचा निरोप लागत नाही. पेशीच्या आत थांबलेले ग्लुट-४ नावाचे वाहक नुसत्या आकुंचनानेही पृष्ठभागावर येतात. टाइप २ मध्ये इन्सुलिनचा रस्ता खराब झालेला असतो, हा दुसरा रस्ता चालू असतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये ४१ जणांवर केलेल्या अभ्यासात रोज एकदाच ३० मिनिटं चालणं आणि तीन जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालणं यांची तुलना होती. जेवणानंतर चालल्यावर त्या वेळची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे रात्रीचंच ताट सर्वांत भरलेलं असतं.

दहाऐवजी पंधरा मिनिटं धरली ती हिशेबासाठी. दिवसातून दोनदा, आठवड्यातले पाच दिवस चाललं की १५० मिनिटं होतात, आणि मधुमेहींना आठवड्याला किमान तेवढीच मध्यम हालचाल सांगितली जाते. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करायचा नाही, कारण व्यायामाने इन्सुलिनला आलेली धार एक-दोन दिवसांत बोथट होते.

दहा हजार पावलांचं लक्ष्य कुणालाही द्यायचं नाही. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातला आहे. वैद्यकाने काढलेला नाही.

८ जून

कार्ड ठरलं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, प्लॅस्टिकच्या पाकिटात. नाव, घरच्यांचा फोन आणि खाली गोळ्यांची यादी.

यादी तोंडी विचारून भरायची नाही. स्ट्रिप आणायला सांगायच्या आणि मागचे बारीक अक्षरातले घटक वाचून लिहायचं. आपल्याकडे मधुमेहाच्या कितीतरी गोळ्या मिश्र असतात. “मी फक्त मेटफॉर्मिन घेते,” असं सांगणाऱ्या मावशींच्या स्ट्रिपवर ग्लिमेपिराइडही लिहिलेलं असतं, कधी तिसरं व्होग्लिबोसही. चालण्याच्या दृष्टीने या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

खुणा अशा:

लाल – इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, रेपाग्लिनाइड. ही औषधं पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली ओढतात. वर चालणं आलं की शुगर लो होऊ शकते. लाल कार्डवाल्याने रिकाम्या पोटी निघायचं असेल तर आधी साखर मोजायचं मीटर लावायचं. आकडा ९० (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात गेलं पाहिजे: अर्धं-पाऊण केळं किंवा एक लहान पोळी.

हिरवी – नुसतं मेटफॉर्मिन, किंवा सोबत सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांपैकी काही. यांच्या बाबतीत चालण्याआधी तपासत बसायची गरज नसते.

निळा ठिपका – डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. साखर लघवीवाटे काढणारी औषधं. सोबत पाणीही जातं, म्हणून ऊन आणि उपवास या दोन्ही वेळी लक्ष हवं.

‘ब’ अक्षर – मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब आणि हृदयासाठीची औषधं. साखर उतरताना होणारी थरथर आणि धडधड यांनी झाकली जाते, घाम मात्र येतोच. अशा माणसाला “धडधडलं की थांबा” हे सांगून उपयोग नाही. “थंड घाम आला की थांबा” असं लिहायचं.

‘व्ह’ अक्षर – व्होग्लिबोस किंवा अकार्बोस. याचं काम पुडीच्या नोंदीत येईल.

डोस आम्ही बदलत नाही, सुचवतही नाही. मात्र सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तीन उत्तरं आणायला सांगतो: रेटिना (डोळ्याचा पडदा) शेवटची कधी तपासली आणि काय निघालं, छाती आणि ईसीजीचं काय, पायाला स्पर्श कळतो का. जिना चढताना छाती आवळणं, अलीकडे डोळ्यात झालेला रक्तस्राव, पायावर उघडी जखम, यांपैकी काही असलं तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत नाव यादीत, माणूस घरी.

१५ जून

मार्ग पाहणी. निकष लिहून ठेवतो, कारण प्रत्येक गल्लीत आम्ही जाणार नाही. ज्याचा मार्ग त्यानेच तपासायचा.

घरापासून सात-आठ मिनिटांच्या पुढे जायचं नाही. जाऊन-येऊन पंधरा होतात आणि मध्येच गळाल्यासारखं झालं तर घर जवळ असतं. लांबचा गोल रस्ता दिसायला बरा, पण निम्म्यावर त्रास झाला तर दोन्हीकडून लांबच.

मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. रात्री साडेनऊलाही कॉलेज रोड ओलांडण्यात तीन-चार मिनिटं जातात आणि चालीची लय तुटते. आतल्या गल्ल्या निवडायच्या.

दिवे हवेत. गोदापार्क दिवसा उत्तम, जेवणानंतरच्या रात्रीच्या फेरीला बाद. सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे जिथे रस्ता उकरला जातो तिथे ज्यांच्या पायाला स्पर्श कमी कळतो त्यांनी फिरकायचंच नाही. खडी आणि लोखंडी सळईची टोकं त्यांना बुटातूनही जाणवत नाहीत.

कुत्री. अंगणात शांत असलेली टोळी रात्री दहानंतर वेगळी असते. दहाच्या आत फेरी उरकायची, हातात काठी ठेवायची, पळायचं नाही.

सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्यांसाठी: आवाराची एक फेरी टेपने मोजून भिंतीवर लिहायची. दर पाच मिनिटांनी दिशा बदलायची, कारण एकाच बाजूला वळत राहिलं की एकाच गुडघ्यावर आणि खुब्यावर ताण येतो. पार्किंगचा उतार फेरीतून वगळायचा.

वेग मोजायला घड्याळातले १५ सेकंद पुरतात. तेवढ्यात २५ पावलं पडली तर मिनिटाला १०० होतात, मध्यम वेग तोच. पंधरा मिनिटांत दीड हजार पावलं, म्हणजे अंदाजे एक किलोमीटर. घड्याळ नसेल तर बोलून पाहायचं. चालता चालता सुरात आरती म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. साधं वाक्यही तुटत असेल तर जास्त. मधला वेग आपला.

जेवल्या जेवल्या लगेच निघायचं नाही, तासभर लोळूनही निघायचं नाही. हात धुऊन, ओटा आवरून, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी. पहिली दोन-तीन मिनिटं रमतगमत.

२२ जून

पायांची तपासणी. प्रकल्पातला सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत गरजेचा भाग हाच. मधुमेहात पायाच्या नसा आधी बोटांच्या टोकांशी बधिर होतात. चालायला सांगणाऱ्याने ते तपासलं नाही तर दिलेला व्यायामच जखम करतो.

घरच्यांनी करायची चाचणी, इप्सविच नावाने ओळखली जाणारी: माणसाला आडवं करून डोळे मिटायला सांगायचे. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकावर अलगद एक-दोन सेकंद ठेवायचं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, चोळायचं नाही. कळलं तर त्याने ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचं. क्रम: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. न कळलेल्या बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही तर पाय जोखमीचा समजायचा आणि डॉक्टरांकडे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श तपासायच्या नायलॉनच्या तंतूने) खात्री करून घ्यायची.

चाचणीत हमखास बिघडतं ते असं: लाडाने पाय दाबतात आणि “कळलं का?” असं विचारतात. दाब खोलवर कळतो, हलका स्पर्श कळत नाही. नातवंडं ही चाचणी मोठ्यांपेक्षा चांगली करतात.

बूट. संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्त जागा हवी. कोऱ्या कागदावर उभं राहून पायाची बाह्यरेषा काढायची, कापायची आणि तो कागद बुटात सरकवायचा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद आहे, दुकानदार काहीही म्हणो. अंगठ्याची चप्पल चालायला नको. बधिर पायातून ती निसटते, आणि ती धरून ठेवण्यासाठी बोटं सतत आखडून राहतात. मागे पट्टा असलेली, एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची सँडल बुटाला पर्याय म्हणून चालते.

नवे बूट पहिल्या दिवशी अर्धा तास, घरातच. काढल्यावर लाल झालेली जागा वीस-तीस मिनिटांत निवळली नाही तर तो बूट त्या पायाचा नाही. मोजे सुती, फिक्या रंगाचे म्हणजे रक्ताचा डाग दिसतो. शिवण टोचत असेल तर उलटे घालायचे. घालण्याआधी बुटात हात फिरवायचा. खडा, घडी पडलेलं अस्तर, नातवाच्या खेळण्याचं चाक, यांतलं काहीही सापडू शकतं.

भोवरी ब्लेडने कापायची नाही, औषधाची कॉर्नपट्टीही लावायची नाही. त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. टाचेला खोबरेल तेल चालेल, बोटांच्या बेचक्यांत नको.

२९ जून

पुडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर तोलून लहान झिप पिशवीत भरली, अशा दोन पुड्या प्रत्येक लाल कार्डामागे. पावसाळ्यात गठ्ठा होतो, बोटाने फोडला की काम तेच.

वापर: ७० च्या खाली आकडा, किंवा थंड घाम, थरथर, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ. मीटर हाताशी नसेल तर तपासण्यात वेळ घालवायचा नाही. चालणं थांबवून बसायचं, एक पुडी तोंडात किंवा अर्ध्या पेल्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० खालीच असेल तर दुसरी पुडी. आकडा वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर पोळी किंवा दूध. उरलेली फेरी त्या दिवशी माफ. ५४ च्या खालचा आकडा आला असेल तर डॉक्टरांना कळवायचंच.

पावडर बिनचवीची, साधी घ्यायची. संत्र्याच्या वगैरे चवीच्या पावडरींत खाण्याची साखर मिसळलेली असू शकते, पाकिटावरचे घटक वाचावेत. ‘व्ह’ खुणेच्या लोकांसाठी हा फरक मोठा आहे. व्होग्लिबोस आतड्यात खाण्याची साखर फोडू देत नाही, म्हणून शुगर लो झाल्यावर चार चमचे साखर खाऊनही आकडा पटकन हलत नाही. त्यांना ग्लुकोजच लागतं. इतरांना घरची साखर चालते: चार सपाट चमचे म्हणजे साधारण १६ ग्रॅम.

लोक हौसेने देतात पण चालत नाही ते: पेढा आणि चॉकलेट, कारण स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोचते. बिस्किटं, कारण पिष्ट पचायला वेळ लागतो. ओआरएसचं पाणी: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमही नाही. जुलाबावरचं उत्तम औषध, इथे निरुपयोगी.

माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८.

५ जुलै

उद्या आषाढी. निळा ठिपका आणि निर्जळ उपवास एकत्र नको, हे सर्वांना कळवलं. अंगातलं पाणी कमी पडतं. शिवाय या औषधांवर उपाशी राहिल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास दिसला तर थेट रुग्णालय. उपवासाच्या दिवशीचं औषध डॉक्टरांना विचारूनच.

२० जुलै

पाऊस लागला. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाकाठच्या फेऱ्या बंद. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते लोक पाहायला जातात, तेव्हा तर काठ निसरडाच. गच्चीही नको, तिथे शेवाळ असतं.

घरातला संच: जागेवर चालणं, गुडघे कमरेच्या निम्म्यापर्यंत उचलून, हात हलवत. सलग पंधरा मिनिटं कुणी करत नाही, कंटाळा येतो. पाच मिनिटं तीनदा केली तरी चालतात. मधल्या वेळेत भांडी, आवरणं. इमारतीच्या बंदिस्त व्हरांड्यात फेऱ्या. जिना चढायचा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लिफ्टने उतरायचं. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, लोक नेमकं उलटं करतात.

बैठं काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं उठायचं. अर्ध्या उठाबशा, टाचा वर-खाली, फोनवर बोलायचं ते उभ्याने. सकाळी चालून मग आठ तास खुर्चीत बसलेल्या माणसाचं बसणं त्या चालण्याने भरून निघत नाही.

ओल्या बुटात चालायचं नाही. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तिथली पांढरी, ओलसर कातडी ही बुरशीची सुरुवात, आणि त्या भेगेतून आत शिरणारा जंतुसंसर्ग चालण्याला महिनोन्‌महिने खीळ घालतो.

मीटरच्या पट्ट्या डबीतच ठेवायच्या, काढली की झाकण लगेच लावायचं. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या चुकीचा आकडा देतात.

३ ऑगस्ट

ताकदीचा संच. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. साखर साठवण्याची शरीरातली सर्वांत मोठी जागा स्नायू आहेत. वय आणि मधुमेह दोन्ही ती जागा कमी करत जातात आणि नुसत्या चालण्याने ती वाढत नाही.

१. भिंतीला टेकवलेल्या बिनहाताच्या खुर्चीवरून ऊठ-बस. हात छातीशी. उठताना श्वास सोडायचा. बसताना धपकन नाही, मनात तीन मोजत.
२. भिंतीवर हात टेकून दंड. पाय भिंतीपासून हातभर लांब.
३. ओट्याला धरून टाचा उचलणं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ याला पुरतो.
४. लिटरच्या दोन बाटल्या, पाणी भरून किलोभराच्या. कोपरातून वर, मग खांद्यापर्यंत. हलक्या वाटू लागल्या की त्याच बाटल्यांत कोरडी वाळू, साधारण दीड किलो होते.

प्रत्येकी ८ ते १२ वेळा, मिनिटभर थांबून दुसरी खेप. शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत. लागोपाठ दोन दिवशी बारा सहज झाल्या तर वजन वाढवायचं. आकड्याच्या मागे लागून खोलवर न बसता अर्ध्यातूनच उठणं ही नेहमीची पळवाट.

श्वास कोंडून जोर लावायचा नाही, रक्तदाब क्षणात चढतो. रेटिनाचा आजार पुढे गेलेल्यांनी बाटल्या आणि डोकं खाली जाणारी आसनं दोन्ही वगळायची. खांदा आखडलेला असेल (मधुमेहात हे बरंच दिसतं) तर चौथा प्रकार कोपरापर्यंतच.

जोर लावल्यावर लगेच मीटर लावलं तर आकडा वाढलेला दिसू शकतो. ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडतं. त्यावरून “व्यायाम मानवत नाही” असा निष्कर्ष काढणारे हटकून भेटतात. थोड्या वेळाने पुन्हा तपासायला सांगायचं.

९ ऑगस्ट

परवा तिसरा श्रावणी सोमवार, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी. वीसेक किलोमीटरची वाट, रात्रीचा चिखल, आणि बरेच जण अनवाणी.

बधिर पायाने अनवाणी फेरी करायची नाही, यावर चर्चा नाही. ज्यांचे पाय चांगले आहेत पण रोजची सवय एक किलोमीटरची आहे, त्यांनीही एकदम वीस करू नयेत. फोड येतात, फोडांमुळे पुढचे दोन आठवडे जातात, आणि दोन आठवड्यांत सवय जाते. जायचंच असेल तर बूट आणि दोन जोडी मोजे, निम्म्या वाटेत मोजे बदलणं, दर तासाला टॉर्चच्या उजेडात तळवे पाहणं. लाल कार्डवाल्यांनी दर तासाला थोडं खाणं, चार पुड्या सोबत, आणि ज्याला त्या पुडीचं काम माहीत आहे असा एक सोबती. लांब चालीनंतर साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. घरी आल्यावर “दमलो” म्हणून उपाशी झोपायचं नाही.

याच मुद्द्यावर देवळांविषयी: उन्हाळी दुपारी काळाराम मंदिराच्या दगडी फरशीवर अनवाणी गेलेल्या बधिर तळव्याला चटका कळत नाही, घरी आल्यावर फोड दिसतो. ऊन उतरल्यावर जावं.

३१ ऑगस्ट

सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या पाळीवाल्यांचं वेळापत्रक. ‘सकाळ-संध्याकाळ’ हे शब्द कार्डातून काढून ‘मोठं जेवण’ आणि ‘दुसरं जेवण’ असं लिहिलं. रात्रपाळीवाल्याचं मोठं जेवण कामावर निघण्याआधी होतं, त्याची पंधरा मिनिटं तिथेच बसवायची. सिटीलिंकच्या शहर बसने जाणाऱ्याने एक थांबा आधी उतरलं तरी काम भागतं. पाळीहून सकाळी परतल्यावर नाश्ता करून लगेच झोपणारे जास्त आहेत. त्यांनी झोपण्याआधी जागेवर चालण्याचा पाच मिनिटांचा एक तुकडा तरी करावा.

मशीनसमोर आठ तास उभं राहणं म्हणजे हालचाल, असं कामगार धरून चालतात. उभं राहण्याने पाय सुजतात, साखर फारशी हलत नाही.

सेफ्टी शूज. पुढची पोलादी टोपी ताणत नाही, त्यामुळे करंगळीच्या बाजूला घासून फोड येतो आणि बधिर पायाला तो पाळी संपेपर्यंत कळत नाही. रुंद मापाची जोडी मागून घ्यावी. चालण्यासाठी ती कधीच वापरू नये.

२० सप्टेंबर

परवा घटस्थापना. नऊ दिवसांचे उपवास, सप्तशृंगी गडाकडे साठेक किलोमीटर पायी जाणारे, आणि रात्रीचा गरबा.

गरब्याचे दोन तास हे भरपूर कष्टाचं काम आहे, चालण्यापेक्षा बरंच जास्त. दिवसभर उपवास, संध्याकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि नऊ वाजता गरबा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शुगर लो झालीच म्हणून समजा. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आम्ही एवढंच सांगतो की तिघांपैकी एक गोष्ट त्या दिवशी गाळा. खेळायच्या आधी मीटर, मध्यंतरात मीटर, पुडी ओढणीच्या गाठीत नाही तर कमरेच्या पाऊचमध्ये.

उलट बाजूही आहे. साबुदाणा जवळजवळ नुसतं पिष्ट आहे, त्याची ताटभर खिचडी खाल्ली की उपवासाच्या दिवशीच साखर सर्वांत चढते. भगर वाटीभर आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, सोबत काकडी-दही. आणि त्यानंतरही पंधरा मिनिटं आहेतच.

१२ ऑक्टोबर

चालल्याने आपल्याला नेमका किती फरक पडतो हे कळण्यासाठी कमी पट्ट्यांची पद्धत. पट्ट्या महाग असतात, रोज पाच-सहा वेळा टोचायला कुणी तयार नसतं.

चार पट्ट्या पुरतात. एके रात्री नेहमीचं जेवण: जेवणाआधी एक, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एक, चालणं नाही. दुसऱ्या रात्री तेच जेवण, तेवढंच, त्याच वेळी, पण पंधरा मिनिटं चालून. पुन्हा दोन आकडे. चढ किती ते वजा करून दोन्ही रात्रींचा पाहायचा. जेवणानंतरचा आकडा बहुतेकांसाठी १८० च्या आत असावा, वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर वेगळी मर्यादा देतात.

घरच्या मीटरला १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो. १८० दाखवणारं मीटर खऱ्या १६० ला किंवा २०० लाही तेच दाखवू शकतं. म्हणून दोन रात्रींतला दहा-पंधराचा फरक वाचायचाच नाही. तीस-चाळीसचा फरक बोलका. तोही एकदाच मिळाला तर पुढच्या आठवड्यात जोडी पुन्हा करून पाहायची.

गडबड होते ती जेवणात. चालायच्या रात्री माणूस नकळत एक पोळी कमी खातो आणि श्रेय चालण्याला देतो. दोन्ही रात्री खिचडी किंवा वरण-भात असं मोजून वाढता येणारं अन्न ठेवलं की हे टळतं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळाच्या दिवसांत “उद्या दुप्पट चालू” हा हिशेब सगळीकडे ऐकू येतो. चढलेली साखर आज चढलेली असते, उद्याच्या चालण्याने ती मागे जाऊन उतरत नाही. करंजी खाल्ली तर त्याच तासात खाली उतरा.

३०० च्या वर आकडा, घशाला कोरड, सारखी लघवी, अंग गळालेलं: अशा वेळी मात्र चालायला जायचं नाही. पाणी प्यायचं आणि डॉक्टरांना फोन. टाइप १ वाल्यांसाठी ही रेघ २५० वर, आणि कीटोन तपासूनच.

२१ डिसेंबर

नाशिकची थंडी. पारा दहाच्या खाली गेला की पहाटेच्या फेऱ्या थांबवून नाश्त्यानंतर, उन्हात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार वाढतो, आणि मधुमेहात हृदयाचं दुखणं छातीत न दुखताही येतं. चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप, जबडा किंवा डाव्या हातात जडपणा, अकारण घाम, यांना दुखणंच समजायचं.

गार बोटांतून रक्ताचा थेंब येत नाही, लोक बोट पिळतात आणि थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं. कोमट पाण्यात हात धरून, पुसून, बोटाच्या कडेला टोचायचं. मीटर रात्रभर गाडीत राहिलं असेल तर ते तापमानाची चूक दाखवतं, खिशात ठेवून गरम करायचं.

आता मिसळ. सकाळची फेरी आणि मग मिसळ ही या शहराची रीत, ती मोडायला आम्ही निघालेलो नाही. पण आकडे पाहा. ७० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या झपझप चालण्यात १२० ते १४० कॅलरी जातात. नुसत्या दोन पावांतून ४०-५० ग्रॅम पिष्ट येतं, फरसाण आणि तर्री वेगळी. क्रम उलटा केला तर जमतं: एका पावासोबत मटकी जास्त, फरसाण चिमूटभर, कांदा-लिंबू हवं तेवढं, आणि मिसळ खाऊन मग फेरी.

१ फेब्रुवारी २०२६

द्राक्षं बाजारात आली. द्राक्ष सोलून, खाऊन, तुकडे करून त्याच बोटाला टोचलं तर आकडा शंभरानेही फुगू शकतो, कारण कातडीवर राहिलेली साखर थेंबात मिसळते. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती जात नाही. साबण आणि पाण्याने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून तपासावं. फुगलेल्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर पुढच्या फेरीतच अडचण.

उन्हाळ्यासाठी कार्डाची मागची बाजू बदलायला घेतली. त्यात जाणार ते: दुपारचं जेवण झाल्यावरची पंधरा मिनिटं घरात किंवा व्हरांड्यात, बाहेर नाही. निघण्याआधी पेलाभर पाणी, किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उभ्याने रक्तदाब मोजून घेणं, कारण मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात आणि उन्हात ते लगेच दिसतं. रसवंतीवरचा एक पेला रस म्हणजे तीसेक ग्रॅम साखर, तो पुडीच्या जागी शुगर लो असतानाच. इन्सुलिन गाडीच्या डिकीत नाही, उन्हात तापलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं. छपाई मार्चच्या पहिल्या आठवड्यात.